ओळख न देणाऱ्या सिस्टर

आदल्याच दिवशी माझ्या लेकाच्या आकडीबद्दल तासभर बोललेली बाई भद्रकालीच्या भाजीबाजारात माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करत पुढे गेली. मी चिडून हाक मारली, तेव्हा कुठे सिंधू सिस्टर वळल्या. हळूच म्हणाल्या, "आधी तुम्ही ओळखायचं, मग मी. सोबत सासरचं कोणी असलं म्हणजे?"

निवृत्त झाल्यावर या नर्सबाई आकडीच्या रुग्णांचा आणि घरच्यांचा एक गट चालवायच्या. बैठकीचा मेल एकसष्ट जणांना जायचा, आणि सिस्टर तो एका बोटाने एकसष्ट वेळा पाठवायच्या.

"अहो, बीसीसीत टाका सगळ्यांना. कोणाला कोणाचा पत्ता दिसत नाही," मी सांगून दमले.

"आणि बोट वरच्या, सगळ्यांना दिसणाऱ्या ओळीत पडलं तर? आकडी लपवून लोक नोकऱ्या टिकवतात, बाई. आपल्या यादीत नाव दिसलं की आजार कळलाच."

बोट पडलं ते माझं. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, म्हणून त्या महिन्याचा मेल त्यांच्याच खात्यावरून पाठवायचं मी अंगावर घेतलं. मोठ्या शहाणपणाने सगळे पत्ते एकदम चिकटवले, भलत्याच ओळीत, आणि पाठवून मोकळी झाले. दुपारी कोणीतरी सगळ्यांना उत्तर धाडलं, 'हे पत्ते सगळ्यांना दिसताहेत.' गेलेला मेल परत कसा आणायचा? दिसेल ते बटण दाबत राहिले.

यादीत पिंपळगावच्या मनीषाचा पत्ता होता, आडनावासकट. तिचं लग्न ठरलं होतं, पण तिला आकडी येते हे सासरी अजून माहीत नव्हतं. त्याच यादीत नवऱ्यामुलाचे मामाही निघाले. स्वतःच्या मुलासाठी गुपचूप नाव नोंदवलेले, बैठकीला कधीच न आलेले. आपल्या घरातलं झाकून त्यांनी हिचं तेवढं उघडं केलं. आठवड्यात सोयरीक मोडली.

सिस्टर काळा चष्मा लावून एसटीने पिंपळगावला गेल्या. मी बरोबर होते. मनीषाच्या आईने दारातच गाठलं. "शिस्टर, तुमच्यावर भरोसा ठेवला व्हता. आता माह्या पोरीला कोन करील?"

"चूक माझी," सिस्टर म्हणाल्या. मी तोंड उघडलं, तर त्यांनी माझं मनगट घट्ट दाबलं.

मनीषा बाहेर आली. रडत नव्हती. "रविवारी मी त्यांना सांगणारच होते," म्हणाली. "पण ते मी सांगणार होते, सिस्टर."

परतताना बसमध्ये मी हमसून हमसून रडले. "मला खरं का बोलू दिलं नाहीत?"

"तुमचं नाव निघालं की लेकाचं निघालं. आणखी एक घर कशाला उघडं पाडायचं?"

मग त्यांनी एकेकाला फोन करून माफी मागितली, माझं नाव न घेता. पुढच्या बैठकीला नऊ जण आले. "लावा सगळ्या खुर्च्या," त्या दर महिन्याला म्हणायच्या. रिकाम्या खुर्च्या मीच परत रचून ठेवायचे. त्या हिवाळ्यात सिस्टर गेल्या.

अमरधाममध्ये गटातले पुष्कळ लोक आले होते. कोणी झाडाखाली, कोणी भिंतीला टेकून, सगळे एकेकटे. कोणी कोणाला ओळख देत नव्हतं. मनीषाही आली होती. निघताना ती नेमकी माझ्यासमोर आली. 'तो मेल मी पाठवला होता गं,' एवढंच मला सांगायचं होतं. पण आधी तिने ओळखायचं होतं. मी थांबले.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं, आणि पुढे गेली. मला हाक मारता आली नाही.