खंड्याला लावलेलं वळण

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळही नाही. घरात आबांचा विषय निघाला की मी उठते आणि दोरीवरचे कपडे काढायला जाते – ओले असले तरी. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही आबांना ओळखत नाही, म्हणून असेल.

आबा म्हणजे माझे सासरे. कुरवंड्याचे. सासूबाई गेल्यावर तिथल्या घरात एकटेच राहायचे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आम्ही त्यांना वलवणला आमच्याकडे आणलं. त्यांची अट एकच होती – खंड्याही बरोबर येणार. खंड्या त्यांचा गावठी कुत्रा, तांबडा, एक कान फाटलेला. आमच्याकडे आधीच माझी राणी होती, लॅब्रेडोर, लाडावलेली. पहिल्याच दिवशी दोघांची अशी जुंपली की माझ्या तुळशीसकट चार कुंड्या फुटल्या.

मी लोणावळ्यात शाळेत शिकवते. मारून कुणी शिकत नाही, हे पोरांच्या बाबतीत मला पटलेलं. मग कुत्र्यांना का वेगळा न्याय? मोबाईलवर व्हिडिओ बघितले आणि घराला नियम घालून दिले. दोन कुत्री असली की आधी नाव घ्यायचं, मग तुकडा द्यायचा – म्हणजे पाळी कुणाची ते दोघांना कळतं. एकाला शिकवत असताना दुसऱ्याने आपल्या गोणपाटावर थांबायचं, आणि थांबला म्हणून तुकडा त्यालाही. आणि मुख्य म्हणजे घरातल्या सगळ्यांनी खाऊ सारखाच द्यायचा. वाळवलेली भाकरी, बाकी काही नाही. एकाने जास्त चवीचं दिलं की कुत्री त्याच्याच मागे लागतात, आणि भांडणं पुन्हा सुरू. हे सगळं मी कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलं. अक्षर माझंच.

आबा आधी हसले. "येवढा उद्योग कशाला? दोन फटकं द्यायचं," म्हणाले. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याइतका नियम कुणी पाळला नाही. सकाळी ओट्यावर बसून भाकरीचे तुकडे मोडायचे, अगदी एकसारखे. मग हाका. राणीला 'राणीसरकार' आणि खंड्याला 'खंडेराव'. राव म्हणताना आवाज असा लांबवायचे की शेजारचे हसायचे. ती हाक मला पुन्हा ऐकायची आहे. कधीकधी शाळेत, मधल्या सुट्टीत, काही कारण नसताना इतकी आठवण येते की डबा तसाच घरी आणते.

महिन्याभरात दोघं शेजारी शेजारी जेवायला लागली. घर शांत झालं. मग बिनसलं कुठे?

बिनसलं माझ्यात. खंड्या माझ्या हातून तुकडा घ्यायचा, पण 'बस' म्हटलं की आधी आबांकडे बघायचा – बसू का? आणि माझी राणी, मी बाटलीने दूध पाजून वाढवलेली, तीसुद्धा आबांच्या पायाशी जाऊन पडायला लागली. एकदा आबा मला चिडवत म्हणाले, "सूनबाई, कुत्रं तुकड्याचं नसतंय. माणसाचं आसतंय."

चेष्टाच होती हो ती. पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मनात म्हटलं, दाखवतेच.

तर – आता गोल गोल बोलत नाही. मी कलेजी उकडली, नखाएवढे तुकडे केले आणि डबीत भरून स्वेटरच्या खिशात ठेवले. राणीला आत कोंडायची. खंड्या आबांजवळ बसला असला की लांब उभी राहायची. त्याने माझ्याकडे बघितलं – कलेजी. दोन पावलं माझ्याकडे आला – कलेजी. आबांनी हाक मारली आणि तो गेला नाही, तर दोन तुकडे. एका म्हाताऱ्या माणसाच्या हाकेला त्याच्याच कुत्र्याने ओ देऊ नये, हे मी त्याला शिकवलं. मारलं नाही, ओरडले नाही. तीन आठवडे लागले फक्त.

आबा हाक मारायचे, थांबायचे, पुन्हा मारायचे. मग हातातली भाकरी उलटीपालटी करून बघायचे, वास घ्यायचे. त्यांना वाटायचं बुरशी आली असेल. तिला तूप लावून बघावं असं माझा नवरा एकदा म्हणाला, तर म्हणाले, "नगं. सूनबाईचा नेम हाय."

आणि एके दिवशी त्यांनी मला विचारलंच. रागाने नाही, जरा संकोचून. "सूनबाई, तू येगळं कायतरी देतीस का गं त्याला?"

माझा हात खिशात होता. बोटांना डबी लागत होती. मी म्हणाले, "नाही आबा. भाकरीच."

त्यांनी लगेच विश्वास ठेवला. "मग माजाच कटाळा आला आसंल त्याला," म्हणाले.

पंधरा दिवसांनी त्यांनी कुरवंड्याला परत जायचं काढलं. गुडघा बरा झालाय म्हणाले. नवऱ्याने खूप समजावलं, ऐकेनात. खंड्याला मात्र मागे ठेवलं. "त्यो हितं रमलाय, ऱ्हाऊ दे." एक वाक्य बोलायचं होतं मला तेव्हा. एकच. मी त्यांची पिशवी उचलून गाडीत ठेवली.

कलेजी मी त्याच आठवड्यात बंद केली. जिंकले होते ना. खंड्या दोन दिवस फाटकाशी कुरवंड्याच्या रस्त्याकडे तोंड करून पडून राहिला, जेवला नाही. त्याला नेऊन सोडणं मला अवघड होतं का? अर्ध्या तासाचा रस्ता. पण तो गेला असता आणि आनंदाने आबांच्या अंगावर झेपावला असता, तर माझं खोटं उघडं पडलं असतं. म्हणून मी नेलं नाही. पुढच्या रविवारी नेऊ म्हणायची, आणि असे रविवार वर्षभर गेले. मग खंड्या माझा झाला, खरोखरीचा.

उन्हाळ्यात आबा परसात घसरून पडले. दुपारची वेळ, आजूबाजूला कुणी नाही. चुलत जाऊ दिवेलागणीला ताक द्यायला गेली, तेव्हा तिला दिसले. डॉक्टर म्हणाले, लगेच कुणी आलं असतं तर वाचले असते.

दहाव्याला ती जाऊ सगळ्यांसमोर म्हणाली, "खंड्या आसता तर भुकून गाव गोळा केला आसता त्यानं." बायकांनी माना हलवल्या. मीही हलवली.

ती दुपार मला नीट आठवते. मी शाळेतून येऊन पोळ्या लाटत होते, आणि खंड्या माझ्या मागे शहाण्यासारखा बसला होता.