जिवतीचे तांदूळ

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडली, पण त्यांचं पत्रकं काढणं काही बंद पडलं नाही. परळच्या आमच्या खोलीत कॉटखाली गुलाबी, पिवळ्या, पोपटी कागदांचे गठ्ठे असायचे आणि घड्या घालायचं काम माझ्याकडे होतं. पूर्णविराम मला शाळेत शिकवला; उद्गारचिन्ह मी घरूनच शिकून गेले होते. घरात देवाची तसबीर नव्हती, पंचांग नव्हतं, पोथी तर नव्हतीच. 'जाहीर निषेध' मात्र भरपूर होता.

त्यामुळे भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या काकूंकडे श्रावणी शुक्रवारी जाऊन बसणं ही माझी लहानपणची चोरी होती. काकू भिंतीवर जिवतीचा कागद चिकटवायच्या. वर नरसिंह, त्याखाली नागाच्या फण्यावर नाचणारा कृष्ण, मग मुलांच्या घोळक्यात बसलेल्या दोन बायका आणि तळाशी एक हत्तीवर, एक वाघावर. संध्याकाळी मजल्यावरच्या बायका हळदीकुंकवाला जमायच्या. काकू कहाणी वाचायच्या आणि बायका मुठीत तांदूळ धरून ऐकायच्या. कहाणी संपेपर्यंत मूठ उघडायची नाही, मधे उठायचं नाही. संपली की ज्यांची मुलं समोर असतील त्यांनी त्यांच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या. ज्यांची मुलं लांब असतील त्यांनी चारी दिशांना टाकायच्या, म्हणजे जिथे असतील तिथे त्यांना पोचतात. माझी आई तेव्हा कामावरून परतलेली नसायची. म्हणून काकू माझ्याही डोक्यावर चिमूटभर टाकायच्या. मी ते तांदूळ जिन्यात झाडून घरी यायचे. बाबांना केसांत दिसायला नकोत.

कॉलेजात गेल्यावर मला कळलं की त्या घोळक्यातल्या दोघींपैकी एक, जरा नावाची, राक्षसी आहे. जुनी कथा अशी की एका राजाच्या दोन राण्यांना अर्धं अर्धं मूल झालं. घाबरून त्यांनी दोन्ही तुकडे बाहेर टाकून दिले. या राक्षसीला ते सापडले, तिने उचलून एकाला एक जोडले आणि मूल रडलं. खायला आलेली बाई आई होऊन बसली आणि आमच्या चाळीतल्या बायका अजून तिला आघाड्याची माळ घालतात. मला वेड लागायचं बाकी राहिलं. मी तिच्यावर लेख लिहिला. कामगार कायद्यावर लिहिलेलं माझं कोणी वाचत नव्हतं. या राक्षसीवरचं शेकडो लोकांनी वाचलं, पुढे पाठवलं. आणखी लिहा म्हणाले. मग मी सटवीवर लिहिलं, पाण्यातल्या आसरांवर लिहिलं. बाबा म्हणायचे, "भाकडकथा लिहितेस ते लिही, पण शेवटी बाजू घे." मी शेवटी नेहमी बाजू घ्यायचे. शेवटच्या परिच्छेदात माझ्याकडून एक पत्रक निघायचंच.

गेल्या श्रावणात काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. वाचायला बंदी. गॅलरीत मला गाठून म्हणाल्या, "या शुक्रवारी तू वाच गं बाय. एवढी लेखिका घरात असताना आम्ही कोणाला शोधायचं?"

मला आनंद झाला हे कबूल करते. वाचायला मिळणार म्हणूनही झाला आणि ऐकायला माणसं मिळणार म्हणूनही.

सात-आठ बायका होत्या. काकूंची सून, म्हणजे आमची वहिनी, ऑफिसमधून आली ती पर्स खुंटीला अडकवून तशीच खाली बसली. ती एका खाजगी कंपनीत हिशेब बघते. लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि दोन वर्षं दादरच्या एका दवाखान्यात तिचे उपचार चालू होते. इंजेक्शनं, तपासण्या, सुट्ट्या. त्या वेळी नुकताच गर्भ आत सोडला होता आणि पुढच्या आठवड्यात समजणार होतं. हे सगळ्या मजल्याला माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. तिने ताम्हनातले तांदूळ घेतले आणि मूठ मांडीवर ठेवली.

मी वाचायला सुरुवात केली. जिवतीची कहाणी थोडक्यात अशी: राणीला मूल नाही. ती सुईणीला फितवते. सुईण एका गरीब बाईच्या डोळ्यांवर पट्टी बांधते, तिचं बाळंतपण करते, मुलगा राणीकडे पोचवते आणि आईपुढे वरवंटा ठेवून सांगते, बाई, तुला हा झाला.

इथे मी थांबले.

खरं तर थांबायचं ठरवलं नव्हतं. वरवंटा हा शब्द वाचला आणि पत्रक सुरू झालं. मी म्हटलं, बघा, मूल चोरलं राणीने, आणि कहाणीभर तिला कोणी जाब विचारत नाही. सुईणीला शिक्षा नाही. जिचं गेलं तिनेच व्रत करायचं, तिनेच उपास काढायचे. आणि मूल नसलं की बाई चोरीही करेल, इतकी तिची किंमत मुलावर ठरवून ठेवलीय. शेकडो वर्षं आपण हे मान हलवून ऐकतोय!

बायकांना मजा आली. तसं म्हटलं तर सभा चांगली रंगली.

"राणीला पोलिसात द्यायला पाहिजे होती," एक म्हणाली.

"पोलीस राजाचेच ना गो! खंय देतलंस?" समोरच्या खोलीतल्या मालवणी मावशी म्हणाल्या.

"आणि वरवंटा बघून नवरा काय म्हणाला? ते नाही लिहिलेलं?"

"नवरे काय म्हणणार. पाटा कुठाय, म्हणाला असेल."

सगळ्या हसल्या. मीही हसले. आमच्या मजल्यावर संध्याकाळी पाणी येतं ते जेमतेम तासभर, आणि नेमकी त्याच वेळी गॅलरीच्या टोकाकडून हाक आली, "पाणी आलं गो!" बायका उठल्या. मुठीतले तांदूळ कोणी ताम्हनात परत टाकले, कोणी पदराला बांधले. दोन मिनिटांत खोली रिकामी झाली. सगळ्यांना द्यायचं दूध तसंच राहिलं.

वहिनी उठली नव्हती. मूठ तशीच होती.

"मग? पुढे?" तिने विचारलं.

"पुढचं तुला माहितीय की."

"माहितीय. पण तू वाच ना."

आणि मी म्हटलं, "वहिनी, तू शिकलेली आहेस गं. तू तरी..."

वाक्य मी पुरं केलं नाही. गरज नव्हती. ती उठली, स्वयंपाकाच्या ओट्याकडे गेली आणि पाठमोरी उभी राहून दूध परत गरम करायला लागली. एका हाताने. दुसऱ्या हाताची मूठ मला दिसत होती.

घरी जाऊन मी बाबांना सगळं सांगितलं, शेवटचं वाक्य वगळून. बाबा खूष. "काकूंच्या घरात, जिवतीसमोर? शाब्बास!" लगेच चष्मा लावून कागद घेऊन बसले. "याचं पत्रक काढू. 'वरवंट्याचा जाब कोण देणार?' कसं वाटतं?" मग माझीच वाक्यं ते मोठ्याने, हात वर करून म्हणायला लागले. भिंत पातळ. मी म्हटलं, बाबा, हळू. ते म्हणाले, का? खरं बोलायला कसली भीती?

मी बोलले त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. आजही मी ते मागे घेणार नाही. पण त्या संध्याकाळी त्या खोलीत ते वाक्य कोणाला हवं होतं, याचा विचार मी केला नव्हता. एका बाईला गोष्टीतली पुढची ओळ हवी होती आणि पुस्तक माझ्या हातात होतं.

पुढच्या आठवड्यात कळलं की या वेळीही राहिलं नाही.

माझ्या न वाचण्याने असं काही होत नाही, हे मला कोणी शिकवायला नको. गर्भाला कहाणी ऐकू येत नाही. तरीही मी दोन दिवस काकूंच्या दारावरून जाताना चप्पल न वाजवता गेले. काकू मला बघून म्हणाल्या, "जेवलीस का?" मालवणी मावशी मात्र नळावर, माझ्याकडे न बघता, बादलीला सांगावं तशा म्हणाल्या, "काणी अर्धी सोडूची नसता गो." मला भांडायचं होतं. ओठांवर उत्तर होतं. पण बादली भरली आणि मी घरी आले.

श्रावणातल्या शेवटच्या शुक्रवारी काकूंनी मला बोलावलं नाही. संध्याकाळी भिंतीपलीकडून मोबाइलवर लावलेली कहाणी ऐकू यायला लागली. कोणा बाईचा गोड, घाईचा आवाज. मधेच ती थांबली आणि पंख्याची जाहिरात लागली. मग पुन्हा कहाणी. माझ्यानंतर पाळी पंख्याच्या जाहिरातीची.

बायका गेल्यावर वहिनी गॅलरीत वाळलेले कपडे काढायला आली. मी गेले. काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण निघालं भलतंच.

"वहिनी, त्या दिवशीचं राहिलेलं वाचू का?"

तिने नवऱ्याच्या शर्टाची घडी घातली. मग चादरीची.

"मोबाइलवर झाली आत्ता," ती म्हणाली.

"ऐकली मी. जाहिरातीसकट."

तिला हसू आलं नाही. "भाषण करशील?"

"नाही."

"नक्की? तुला आवरत नाही."

"नाही करणार."

"मग पहिल्यापासून नको. थांबली होतीस तिथून." ती आत गेली आणि पुस्तक घेऊन आली. दुसऱ्या हातात कुंकवाची छोटी डबी होती. तिने ती उघडली. आत तांदूळ होते, कुंकवाने गुलाबी झालेले. त्या दिवसाचेच.

कठड्याला टेकून मी वाचायला लागले. वरवंटा बघून आई म्हणते, असेल, झाला असेल. पण तिचा विश्वास बसत नाही. पोटातलं पोर कुठेतरी आहे असं तिला वाटत राहतं. कुठे, ते माहीत नाही. मग ती श्रावणातल्या दर शुक्रवारी जिवतीची पूजा करते आणि मूठभर तांदूळ उडवते, की जिथे माझं बाळ असेल तिथे ते खुशाल असो. आणि ते तांदूळ राजवाड्यात, पाळण्यातल्या मुलाच्या अंगावर पडतात.

"थांब," वहिनी म्हणाली.

मी थांबले.

"दोन आहेत अजून," ती म्हणाली. "गोठवून ठेवलेत. दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, घाई नाही, तुम्ही तयार झालात की सांगा. आईंना माहीत नाही. ह्यांना आणि मलाच." तिने डबीतून चिमूट घेतली. "त्या दिवशी मला एवढंच विचारायचं होतं मनात. आतलं एक होतं, ते इथे होतं. पण हे दोन... यांना धरायचं का? जिथे असेल तिथे, असं म्हणतात ना. मग तेही धरायचं का?"

मी राक्षसीवर लेख लिहिला होता. तुकडे जोडून मूल करणाऱ्या बाईवर मी तीन भाषणं दिली होती. आणि हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आला नव्हता.

"धर," मी म्हटलं. कोणत्या अधिकाराने म्हटलं, माहीत नाही.

"दादर कुठे येतं इथून?"

मी हात केला. समोर टॉवरचं बांधकाम, त्यावर क्रेन, तिच्या डाव्या अंगाला. तिने कठड्यावरून तांदूळ टाकले. मग उरलेल्या तीन दिशांनाही थोडे थोडे, नियम म्हणून. खालून कोणीतरी ओरडलं, "कोण टाकतंय रे वरून? आत्ता गाडी पुसली!"

"तांदूळ आहेत, दगड नाहीत," वहिनी खाली वाकून म्हणाली आणि पहिल्यांदाच थोडी हसली. "वाच पुढे. संपव."

मी संपवली. मुलगा राजा होतो, एके दिवशी जेवणावळीत आई त्याच्या समोर येते आणि तिला पान्हा फुटतो. शेवटी जसं तिचं झालं तसं सगळ्यांचं होवो, हे वाक्यही वाचलं. मी त्या वाक्यावर एक अख्खा लेख लिहिला आहे, विरोधात. राणीला कहाणी संपेपर्यंत कोणी काही विचारलं नाही. मीही नाही.

पुस्तक अजून उघडंच होतं तेव्हा बाबा जिन्यातून वर आले. हातात पिशवी, काखेत पत्रकाचा कच्चा मसुदा. "काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

मी पुस्तक वहिनीच्या कपड्यांखाली सरकवलं. "काही नाही. कपडे काढतोय."

वहिनीने माझ्याकडे बघितलं. बाबा आत गेल्यावर तिने पुस्तक ओढून घेतलं आणि कोपरा मुडपला होता तो बोटाने सरळ केला. मला वाटतं, त्या क्षणी तिने मला पहिल्यापेक्षा जास्त ओळखलं.

हे लिहायचं का, असं मी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "नाव घालू नकोस. आणि शेवटी बाजू घेऊ नकोस." म्हणून घेत नाही. ते पत्रक बाबांनी छापलं. घड्या मी घातल्या. हातांना सवय आहे. काकूंच्या दाराखालून सरकवायची माझी हिंमत झाली नाही, तेवढं एक दार मी गाळलं.

थंडी संपली की वहिनी पुन्हा दवाखान्यात जाणार आहे. तारीख मी विचारलेली नाही. तरी रोज गॅलरीत ब्रश करताना माझी नजर क्रेनच्या डाव्या अंगाला जाते, आणि बाबा बाहेर आले की मी दुसरीकडे बघते.