हृदय का वाढले, याचा लेखी खुलासा

सात रस्ता चौकाजवळच्या हृदयतज्ज्ञांनी माझा इकोचा अहवाल पाहिला, “रक्तदाबामुळे हृदयाची भिंत जाड झाली आहे,” एवढे एकच वाक्य उच्चारले आणि गोळ्या लिहून दिल्या. मी संतापलो. हयात न्यायालयात कारकुनी करण्यात गेली. कारणे न नोंदवलेला निकाल मी मानत नाही. शिवाय दवाखान्याखालचे औषधाचे दुकान त्यांच्याच भावाचे होते.

त्याच दिवशी डॉक्टरांना पोचपावतीसह रजिस्टर पत्र धाडले. वाढ कोणत्या प्रक्रियेने झाली? अहवाल माझाच कशावरून? लेखी खुलासा मिळेपर्यंत गोळी घेणार नाही, हेही कळवले.

“अहो, हृदय तुमचं आणि नोटीस त्यांना?” पत्नी म्हणाली. “लई झालं की आता. गोळी गिळा, मग भांडा.”

“आधी गिळली तर हरकत घेता येत नाही.”

तीन आठवडे उत्तर आले नाही. मौन म्हणजे कबुली, असे मी धरले. जिना चढताना धाप लागे, तीही अहवालाने मनात भरवली असावी असा मला संशय होता. अखेर मी समक्ष गेलो.

डॉक्टरांनी माझे पत्र पुढ्यात घेतले आणि कागदावर लिहीत समजावले. पेशीतल्या प्रथिनांवर फॉस्फेटसारखे लहान रासायनिक गट चिकटतात, सुटतात. पेशीला हुकूम मिळतात ते असे. दाब सतत चढा राहिला की ‘वाढ’ हा हुकूम मागे घेतलाच जात नाही. जनुकांचा धागा ज्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो, त्यांवरही असेच गट बसतात आणि जन्मानंतर मिटलेली काही जनुके पुन्हा उघडतात. पेशी जाड होत जातात.

“हे थांबते केव्हा?”

“दाब उतरला की. तुमचा आजही चढाच आहे, काका. गोळी सुरू आहे ना?”

ज्या हुकुमाविरुद्ध माझी तक्रार होती, त्याची अंमलबजावणी तीन आठवडे मीच निर्वेध चालू ठेवली होती.

“भिंत पूर्ववत होईल?”

“जाडी बरीच उतरू शकते. हमी देत नाही.”

“तेवढे सहीनिशी द्या.”

त्यांनी दिले. गोळ्या मात्र मी त्यांच्या भावाकडून न घेता नवी पेठेतल्या दुकानातून घेतल्या. घरी पत्नीसमोर पहिली गोळी पाण्याबरोबर गिळली.

“जीभ उचला,” ती म्हणाली.

मी तोंड उघडून उभा राहिलो. तिने चष्मा लावला आणि मला खिडकीच्या उजेडात नेले.