मुलामेवाल्याचा पालक

मुलामेवाल्याच्या पालकाला नावं ठेवायची कुणाची टाप नव्हती. नटबोल्टांवर कॅडमियमचा मुलामा चढवण्यात उमर गेली, कारखाना बंद पडला, तेव्हा पठ्ठ्यानं कारखान्यामागची मोकळी जागाच भाड्यानं घेऊन पालक लावला. काय ती पानं! नात नुकतीच वरचं खाऊ लागली होती. तिचा पहिला हिरवा घास आजोबांच्याच वाफ्यातला, असं त्यानं घरात ठणकावून सांगितलं होतं.

लेक झाडांच्या प्रयोगशाळेत कामाला. "दाखव तुझ्या साहेबांना!" म्हणत त्यानंच तिच्या पिशवीत एक जुडी कोंबली. तिनं गमतीगमतीत ती तपासली.

इकडे म्हातारा पालक शिजवून, घोटून नातीसमोर बसला. चमचा तिच्या ओठांपाशी नेतो, तोच लेक धापा टाकत दारात.

"बाबा, थांबा! त्यात कॅडमियम आहे!"

"डोकं फिरलंय का तुझं? विषानं झाड असं तरारतं होय?"

लेकीनं आधी वाटी हिसकावली, मग पोरीला कडेवर घेतलं. "तीच तर गोम आहे. मुळांतून धातू आत शिरला की पेशीला लगेच सुगावा लागतो. ती गंधकाच्या छोट्या छोट्या साखळ्या बनवते. त्या धातूला गच्च धरतात. मग पेशीच्या पोटात एक रसानं भरलेली कोठडी असते, तिथे त्याला डांबून टाकतात. झाड खुशाल! खाणाऱ्याच्या मात्र मूत्रपिंडांची वाट."

"आयला! आम्ही धातू चढवून बोल्ट वाचवायचो, हा धातूलाच गुंडाळून स्वतःला वाचवतो. कारागीर आहे लेकाचा!" म्हातारा हसला आणि मग त्याला आठवलं. मुलाम्याचं धुवणीचं पाणी वर्षानुवर्षं कारखान्यामागे कोण ओतायचं? तोच. त्यानं नातीचे ओठ पुसून पाहिले. "अगं, मी तर हे रोज खातोय."

"म्हणून उद्या तुमचीही तपासणी. कुरकुर चालणार नाही."

तपासणीत डॉक्टरांनी डोळे वटारले, पण थोडक्यात निभावलं. परत येताच म्हाताऱ्यानं सगळा पालक उपटून पोत्यांत भरला. लेक पोती प्रयोगशाळेत न्यायला आली, तेव्हा तो वाफ्यात उकिडवा बसला होता.

"काय गं, खायचं नाही, नुसतं लावायचं आणि उपटायचं. असं करत राहिलं तर माती साफ होईल?"

"होईल हळूहळू. पण बाबा, तुमच्या हयातीत नाही व्हायची."

"मग काय झालं?" म्हातारा ढेकूळ फोडत म्हणाला. "नातीच्या तर होईल!"