फुटामागे एक सूत

शिवाप्पा मिस्त्री पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा मी पुढे केलेल्या खुर्चीवर ते बसले नाहीत. त्यांनी ती उचलली, उलटी केली, चारही पाय एकेक करून हलवून पाहिले, सांध्यांवरून अंगठा फिरवला आणि खुर्ची भिंतीशी ठेवून स्वतः उंबऱ्याजवळ जमिनीवर बसले. "मागचा डावा पाय सुटालाय," म्हणाले. "पावण्यास्नी देताना बगून देत जावा." त्या खुर्चीवर बसून मी रोज शाळेचे पेपर तपासत होतो. तिचा पाय आजवर कधी हलला नव्हता, आणि त्या दिवसापासून मात्र मला तो हलतोय असं वाटायला लागलं.

सगळे त्यांना अप्पा म्हणत. मूळचे संकेश्वरच्या बाजूचे, त्यामुळे बोलण्यात मधूनच कानडी यायची. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत ते तीस वर्षं पॅटर्न बनवत होते. लोखंडाचा जो भाग ओतायचा त्याची हुबेहूब लाकडी प्रत आधी करायची, ती वाळूत दाबून साचा पाडायचा आणि त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, असं ते काम. लाकडात केसाएवढी चूक झाली तरी शंभर नग भंगारात जातात आणि सगळे मिस्त्रीच्या नावाने बोंब मारतात. अशा कामात उभी हयात गेलेला माणूस संशयी होणार नाही तर काय होणार? "शंका आली तर चूक आपुन शोधतो," ते म्हणायचे. "न्हाय आली, तर चूक आपल्याला शोधत घरला येती."

त्यांचा संशय सर्वांना सारखा होता, त्यात उच्चनीच नव्हतं. चहा आला की आधी कपाचा कान ओढून बघायचे. घड्याळात किती वाजले हे दोघांना विचारायचे. चष्मा वापरत नसत. का, तर "चष्म्याचा दुकानदार आन् डोळ्याचा डाक्टर एकाच ताटात जेवत्यात." लाकडाच्या वखारीत गेले तर फळीचा वास घेत, जिभेचं टोक लावत, आणि वखारवाला हसला की म्हणत, "लाकूड खोटं बोलत न्हाय, पण समदं सांगत बी न्हाय."

माझ्याकडे त्यांना पाठवलं ते आमच्या शाळेतल्या पाटील सरांनी. पाटील सरांचा मेहुणा त्याच फाउंड्रीत सुपरवायझर होता. काम तसं साधं होतं. राजारामपुरीतल्या आमच्या घराच्या आतल्या खोलीत, भिंत आणि खांब यांच्यामध्ये तीन फुटांची एक खाच होती. तिथे तीन फळ्या बसवायच्या होत्या. खालच्या फळीवर दुपटी, लंगोट, मधल्या फळीवर तेलाची बाटली, पावडर, औषधं, आणि वरच्या फळीवर बाकीचं सामान.

पण माझ्या दृष्टीने ते साधं नव्हतं. त्याआधी दोनदा आमच्या घरी मूल होता होता राहिलं होतं. तिसऱ्या खेपेला सासूबाईंनी बजावून ठेवलं होतं, की मूल हातात येईपर्यंत त्याच्यासाठी सुतळीचा तोडासुद्धा आणायचा नाही. म्हणून नऊ महिने ती खोली मोकळी ठेवली. माहेरी गडहिंग्लजला मुलगी झाली, बारसं झालं, आणि मग माझ्या बायकोचा, सुनंदाचा फोन आला की आता कर तयारी. तिची अट एकच होती. पाळणा ठेवायला त्या खोलीत कोरडी जागा तेवढीच होती, फळ्यांच्या अगदी खाली. "वरून टाचणी पडली तरी मी बाळाला घेऊन परत जाईन," ती म्हणाली. ती चेष्टा करत नव्हती.

लाकूड मी माझ्या वडिलांच्या पलंगाचं दिलं. जुनं सागवान, चाळीस वर्षं वाळलेलं. अप्पांनी त्यावर नख ओढलं, कानाशी धरून बोटाने वाजवलं, आणि त्यांचा चेहरा जरा बदलला. "असलं लाकूड आता मिळत न्हाय की," ते म्हणाले. मग खाच मोजली, कागदावर आकडा मलाच लिहायला लावला आणि म्हणाले, "फळ्या घरी न्हेतो. हितं उजेड बरोबर न्हाय."

इथे माझ्या मनात पाल चुकचुकली. वीस वर्षं परीक्षेत पहारा केलेल्या मास्तरची नजर असते ती. हात पाठीमागे बांधून बसलेला पोरगा मला सरळ दिसतच नाही. आमच्या खोलीला पूर्वेची खिडकी, सकाळी तिथे सुईत दोरा ओवता येतो, आणि हा माणूस म्हणतो उजेड नाही! मी अप्पा पाणी प्यायला बाहेर गेलेले पाहून प्रत्येक फळीच्या टोकावर पेन्सिलीने बारीक खूण केली. वडिलांच्या पलंगाचं सागवान बदलून कोणी मला साधं लाकूड टेकवलं, तर ते मी सहन करणार नव्हतो.

आठ दिवस अप्पांचा पत्ता नाही. मी त्यांच्या घरी गेलो, तर दार पुढे ओढलेलं. आतून रंध्याचा आवाज येत होता, पण मी हाक मारल्यावर तो थांबला. त्यांची बायको, जिला सगळे अव्वा म्हणत, दारात येऊन म्हणाली, "काम चाललंय. कुणी बघितलेलं चालत न्हाय त्यास्नी." दाराच्या फटीतून मला फक्त भुसा दिसला. तो मला पांढरट वाटला. सागवानाचा भुसा पिवळसर असायला हवा, असं मला तेव्हा ठाम वाटलं. आज सांगतो, मला सागवानाच्या भुशातलं काहीही कळत नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी पाटील सरांना म्हणालो, "तुमच्या मेहुण्यांना जरा विचारा ना, हा शिवाप्पा मिस्त्री माणूस कसा आहे? म्हणजे लाकडाच्या बाबतीत. इकडचं तिकडे करण्याची सवय वगैरे?" पाटील सर म्हणाले, "विचारतो की. पण तसं काय कधी ऐकलं न्हाय." मी म्हणालो, "विचारून ठेवा, एवढंच." माझं बोलणं तेवढंच झालं. मग घंटा झाली आणि आम्ही वर्गावर गेलो.

रविवारी अप्पा फळ्या घेऊन आले. घोटून घोटून काचेसारख्या केलेल्या, कडा गोल केलेल्या. त्या फळ्या हातात घेतल्यावर माझा संशय आणखी वाढला, कारण माझ्या वडिलांचा पलंग इतका देखणा कधीच नव्हता. टोकांवरच्या माझ्या खुणा अर्थातच गायब होत्या. अप्पांनी भिंतीत लाकडी खुंट्या ठोकून त्यावर आधाराच्या पट्ट्या बसवल्या, आणि पहिली फळी खाचेत घालायला घेतली. ती जाईना. दुसरी घेतली, तिसरी घेतली. तिन्ही फळ्या थोड्या लांब होत्या, आणि तिन्ही अगदी सारख्याच लांब. मी फूटपट्टी आणून मोजलं. तीन सूत, म्हणजे पाव आणि अर्ध्या इंचाच्या मधोमध.

"अप्पा, माप तर तुमच्यासमोर लिहिलं होतं," मी म्हणालो. माझा आवाज वर्गात कॉपी पकडल्यावर होतो तसा झाला होता. "ही माझीच लाकडं आहेत ना?"

अप्पांनी त्या बोलण्याकडे लक्ष दिलं नाही. ते तिन्ही फळ्यांची टोकं एकत्र जुळवून त्यावरून बोट फिरवत राहिले. मग पिशवीतून दोन पोलादी पट्ट्या काढल्या आणि माझ्यासमोर धरल्या. "ह्यावर बारक्या अक्षरात काय लिवलंय, वाचा," म्हणाले. मी वाचलं. एक साधी पट्टी होती. दुसरी ओतकामाची. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टी मुळातच फुटामागे एक सूत लांब असते. तीन फुटांना तीन सूत. खाच साध्या पट्टीने मोजली होती, फळ्या ओतकामाच्या.

"तुम्हाला ही अक्षरं दिसली नाहीत?" मी विचारलं.

त्यांनी पट्ट्या परत पिशवीत घातल्या. मग म्हणाले, "दोन वर्सं झाली, मास्तर, बारकं दिसंना. हातानंच चाललंय समदं. फाउंड्रीत साधी पट्टी लागतच न्हाय, म्हणून तितं चुकत न्हाय." त्यांनी दाराकडे पाहिलं, कोणी ऐकत तर नाही ना म्हणून. "शिरोलीत कळलं तर उद्याच्याला घरी बसवतील. अव्वाला बी सांगिटलेलं न्हाय. तुमी कुणाला बोलू नगासा."

उजेड, ओढलेलं दार, न वापरलेला चष्मा, सगळं मला एकदम उलगडलं. मी शब्द दिला. तेवढ्यात त्यांनी मधली फळी उलटी केली. तिच्या खालच्या बाजूला दोन जुनी भोकं होती, पलंगाचे बोल्ट जिथे होते तिथली, आणि त्यात त्याच लाकडाचे तुकडे इतके बेमालूम बसवलेले की नख लागेना. "तुमच्या वडलांचा पलंग हाय," ते म्हणाले. "ही बाजू घोटली न्हाय मी. वळख ऱ्हावी." मला तोंड कुठे लपवावं कळेना.

त्यांनी तिथेच बसून फळ्या कापल्या. खुणा मी केल्या, करवत त्यांनी चालवली. फळ्या खाचेत चपखल बसल्या. मग त्यांनी मला अंगणातल्या विटा आणायला सांगितल्या आणि प्रत्येक फळीवर दहा-दहा विटा रचल्या. आणि जिथे पाळणा येणार होता, तिथे, त्या विटांच्या बरोबर खाली, जमिनीवर आडवे झाले. मी म्हणालो, "अप्पा, उठा. मला खात्री आहे." तर म्हणाले, "मला न्हाय की." दुपारचे दोन तास ते तिथे डोळे मिटून पडून होते. मी दारात बसून विटांकडे बघत होतो.

सुनंदा बाळाला घेऊन आली, तिने फळ्यांना लोंबकळून पाहिलं आणि पाळणा खाली ठेवला. अप्पा बाळ बघायला आले. सुनंदाला ते तंगी म्हणायला लागले होते, म्हणजे कानडीत धाकटी बहीण. "तंगी, फळीवर इश्वास ठेवू नगंस," म्हणाले. "म्हैन्यातनं एकदा हलवून बघायची."

त्यानंतर दीडेक महिन्याने अप्पांनी नोकरी सोडल्याचं कळलं. मी धावत गेलो. मला वाटलं, डोळ्यांचं बाहेर फुटलं, आणि मी तर कोणाला सांगितलं नव्हतं. पण भानगड निराळीच होती. सुटताना गेटवर त्यांची पिशवी उघडायला लावली होती. एकदा नाही, रोज. बाकी कोणाची नाही, फक्त त्यांची. सुपरवायझरला कोणीतरी सांगितलं होतं म्हणे, की मिस्त्रीच्या हाताला लाकडाची सवय आहे.

"तीस वर्सं," अप्पा म्हणाले. "चुकी काडली असती तर ऐकून घेतलं असतं. चोर म्हटल्यावर कशापायी ऱ्हायचं?" ते त्या गेटातून परत आत गेले नव्हते.

मी 'विचारा' म्हणालो होतो. पाटील सरांनी ते मेहुण्याला सांगितलं असेल, मेहुण्याने ते ऐकलं असेल, आणि वाटेत कुठेतरी प्रश्नाचं उत्तर झालं असेल. मी तोंड उघडणार, तोवर अप्पा एकेक नाव घ्यायला लागले. स्टोअरकीपर, वॉचमन, शेजारचा फिटर, स्वतःचा जावईसुद्धा. प्रत्येकाला त्यांनी उलटंसुलटं करून पाहिलं. मी म्हणालो, "अप्पा, मीसुद्धा असू शकतो."

ते हसले. "तुमी व्हय? माज्या डोळ्याचं तुमास्नी एकट्याला ठाव हाय. तेवढं सांगिटलं असतंसा तर मी तवाच घरी बसलो असतो. न्हाय सांगिटलंसा. तुमच्यावर कशी शंका घिऊ?" मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमी शिकलेला माणूस. तुमीच शोधा की, कोण त्यो."

मी "शोधतो" म्हणालो. खरं सांगायला इतका सोपा क्षण मला पुन्हा मिळाला नाही, आणि मी तो घालवला.

पुढची बारा वर्षं हे चाललं. अप्पा वाटेत भेटोत, घरी येवोत, पहिला प्रश्न ठरलेला, "गावला का वो, मास्तर?" आणि माझं उत्तर ठरलेलं, "अजून नाही, अप्पा." दरवेळी ठरवून जायचो की आज सांगून टाकायचं. एकदा मुलीला सोबत घेऊन गेलो, म्हटलं ती असली की धीर येईल. अप्पा तिची वेणी चाचपत बसले, तिच्या खोलीतल्या फळ्यांवर आता कुठली पुस्तकं आहेत ते विचारत राहिले, आणि मी तसाच परत आलो. त्यांची नजर तोवर पूर्ण गेली होती.

मुलगी सातवीत होती तेव्हा अप्पा अंथरुणाला खिळले. अव्वाने निरोप पाठवला म्हणून गेलो. मी शेजारी बसलो आणि त्या प्रश्नाची वाट बघत राहिलो, कारण आज मी सांगणार होतो. आतापर्यंत हे वाक्य मनात शेकडो वेळा घोटून झालं होतं. पण अप्पांनी विचारलंच नाही. भिंतीकडे तोंड करून ते म्हणाले, "मास्तर, ऱ्हाऊ द्या आता शोधायचं. आन् कदी गावलाच, तर त्याला काय बोलू नगासा. त्याला बी काय तरी शंका आली असंल की. शंका काय कुणी मुद्दाम आणतंय व्हय?"

मी "बरं" म्हणालो. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता, आणि त्या क्षणी मला त्याचं हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज मला अजून वाटते.