डावीकडून तिसरी काडी

दोनशे चौदा फण्या, त्या बांधायचा साचा, बांबू चिरायचा दुधारी सुरा, माझ्या चष्म्याची डावी दांडी आणि या प्रवासासाठी मुद्दाम केलेली सागवानी पेटी. एवढं मी माझ्या हातानं केलेलं आहे. फणी म्हणजे विणकराच्या मागावरची. तिच्या बारीक काड्यांमधून ताण्याचे धागे ओवतात. आमच्या खापा गावात घरोघर माग, पण आमच्या घरी नव्हता. वडील शेती करत. मी शेजाऱ्याची मोडकी फणी मागून आणली, एका पावसाळ्यात सगळी सोडली, काड्या मोजल्या आणि पुन्हा बांधली. शिकवलं कोणी नाही. त्या पहिल्या फणीला एक काडी कमी पडली, तेव्हा वडिलांच्या मोडक्या तिफणीतला बाभळीचा काळा तुकडा तासून डावीकडून तिसऱ्या जागी बसवला. विणकर हसले. तेव्हापासून माझ्या प्रत्येक फणीत त्याच जागी त्याच लाकडाची काळी काडी असते.

यंदा माघात नागपूरहून निरोप आला. इतवारीत विणकामाचं सामान विकणारे एक शेटजी आहेत, त्यांचा. पाच फण्या घेऊन या, पटलं तर कायमचं काम देतो. ‘कायमचं’ हा शब्द दोन दिवस आमच्या घरात फिरत होता. शेवटी बायको म्हणाली, “जाऊन तं पाहा. नाही म्हणायले तोंड हायच तुमचं.”

जाणाऱ्यांसाठी सांगतो. खाप्याहून सावनेरपर्यंत बैलगाडी, पहाटे निघालात तर कन्हान नदीवरचं धुकं अंगावर घेतच निघावं लागतं. सावनेरहून छोटी आगगाडी. तिसऱ्या वर्गाला मला पाच आणे पडले. इंजिनाकडे तोंड करून बसू नका, कोळशाची कणी डोळ्यात जाते. घोंगडी स्वतःची न्या. धर्मशाळेची मी पाहिली आहे.

पाटणसावंगीला एक संत्रेवाला चढला आणि माझ्या पेटीवर पाय ठेवून बसला. मी पाय उचलायला सांगितला, तशी चौकशी सुरू झाली.

“कोष्टी का तुमी?”

“नाही.”

“बाप बांधे का फण्या?”

“नाही.”

“मंग तुमी काहून बांधता गा?”

“मले येते म्हणून.”

“मलेबी हुकूम सोडता येते,” तो म्हणाला, “पन कोनी कलेक्टर करून नाही राहिलं.”

अख्खा डबा हसला. मी पेटी उघडून एक फणी त्याच्या हातात दिली. त्यानं ती उलटसुलट पाहिली आणि उतरताना दोन संत्री माझ्या पेटीवर ठेवून गेला. गोड होती.

शेटजींना माल कळतो, हे मान्य केलं पाहिजे. त्यांनी डोळे मिटून फणीवरून अंगठ्याचं नख फिरवलं. चांगल्या फणीचा आवाज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुठे तुटत नाही. पाचही फण्या त्यांनी अशा ऐकल्या.

“भाऊ, हात बढिया आहे. पण ही काळी काडी काढा. गिऱ्हाईक विचारते, किडली का म्हणून. लाकडावर शिक्का माझ्या पेढीचा. बांधली कोणी, हे कोणाला सांगायचं नाही.”

मग त्यांनी रक्कम सांगितली. खोटं कशाला लिहू, ती ऐकून मी पेटीचं झाकण दोनदा लावलं. उद्या सांगतो म्हणालो.

दुपारी खानावळीत पाटवडी आणि रस्सा खाल्ला. रस्सा जपून घ्या, कानातून धूर निघतो. मग मागांच्या आवाजामागे चालत विणकरांच्या वस्तीत शिरलो. एका ओसरीवर महादूजी नावाचे म्हातारे विणकर बसले होते. दृष्टी गेलेली. पाणी मागितलं, तर सुनेनं गूळही दिला. माझ्या पेटीत फण्या आहेत म्हटल्यावर महादूजींनी हात पुढे केला. बोट कडेवरून सरकलं आणि तिसऱ्या काडीवर थांबलं; बाभूळ बोटाला बांबूहून वेगळी लागते.

“खाप्याची हाय ही. फेरीवाल्याकडून घेतो आमी. हा मानूस जित्ता हाय का?”

“जित्ता हाय. तुमच्यापुढं बसून हाय.”

मला वाटलं, आता शाबासकी. म्हातारा सुनेला म्हणाला, “आन वं ते वरची फणी.”

माळ्यावरून एक फणी आली. तीच काळी काडी. “मधात हात लाव,” महादूजी म्हणाले. “ढिली हाय. दोन लुगड्यांत रेघ पडली माह्या. तीन वर्सांपासून तुले शिव्या द्याले ठेवली.”

मी नख फिरवलं. मधोमध आवाज तुटला. चूक माझीच होती, तिथल्या काड्या बांधायचा दोरा ओला असताना मी ओढला होता, वाळल्यावर तो सैल पडला.

तिथेच बसून अर्धी फणी सोडली आणि पुन्हा बांधली. साडेतीन तास लागले. महादूजींनी नख फिरवलं, मान हलवली. “आता शिव्या कोनाले देऊ?” सून तोंडाला पदर लावून हसत होती.

सकाळी शेटजींना नाही म्हणालो.

“एका काडीसाठी?”

“ती काढली, तर महादूजींना मी सापडायचो कसा?”

“महादूजी कोण?”

“गिऱ्हाईक,” म्हणालो. शेटजींनी पाचही फण्या काळ्या काडीसकट नेहमीच्या भावानं घेतल्या. तेवढा माल त्यांना कळतोच.

घरी आल्यावर बायकोनं हकिकत ऐकली आणि पहिला प्रश्न केला, म्हाताऱ्याच्या फणीचे पैसे तर नाही ना घेतले? नाही घेतले. आता दोरा ओढण्याआधी तो मी गालाला लावून पाहतो, ओल कळते. वडिलांच्या तिफणीतला हातभर तुकडा अजून शिल्लक आहे. काड्या बारीक तासल्या, तर माझ्या आयुष्याला पुरेल.

नोंद पुरी असावी म्हणून लिहितो. मी नाकारलं ते असं: वर्षाला साठ फण्या, काळी काडी वगळून, शिक्का त्यांचा, नाव कोणाचंच नाही. महिना पस्तीस रुपये.