आत्या की मामी

दक्षाबेनने विचारलं, “घरी कोण कोण?”

“मी एकटी,” नवशी म्हणाली.

दक्षाबेनने ‘कुटुंब’च्या पुढे लिहिलं : कोणी नाही.

“असं नका लिहू. आई आहे, भाऊ आहे, गावी उधव्याला. खोडा ते.”

“मग काय लिहू?”

“आहेत. बोलत नाहीत.”

दक्षाबेनने खोडलं आणि तसंच लिहिलं. झोप येत नाही म्हणून नवशी डहाणूच्या दवाखान्यात आली होती. डॉक्टरांनी आधी समुपदेशनाच्या खोलीत, दक्षाबेनकडे पाठवलं.

नवशी अडतीस वर्षांची. चिकूच्या वखारीत लहान-मोठे चिकू निवडून वेगळे करायची. तिचं लग्न साट्यालोट्यात झालेलं : ती ज्या घरात गेली, त्याच घरातली तिची नणंद जिवली तिच्या भावाची, लाहूची बायको झाली. नवरा मारायचा. सहा वर्षांपूर्वी नवशीने पंचांसमोर काडीमोड घेतला. लाहू म्हणाला, “काडी तू मोडलीस, घर माझं मोडेल.” आई म्हणाली, “नवस करून मागितली होती तुला, ती यासाठी?” लाहूचं घर काही मोडलं नाही. बोलणं मात्र तुटलं.

आता अचानक लाहूचा फोन आला होता. त्याच्या मुलीचं, निलमचं लग्न ठरलं होतं. “ये. पण हळदीला नवऱ्याशेजारी उभी राहा. मामा-मामी जोडीनं हळद लावतात. चार लोकांत शोभा नको.”

वखारीत सगळ्यांचं एकच, जा. आई आहे शेवटी. नवशीने साडीसुद्धा काढून ठेवली होती, आणि तेव्हापासून झोप उडाली होती.

दक्षाबेन जा म्हणाली नाही, नको जाऊ असंही म्हणाली नाही. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “लाहूभाईनं बोलावलंय कुणाला? आत्याला, की मामीला?”

नवशीने लाहूचं बोलणं मनात पुन्हा ऐकलं. निलमला तिने मांडीवर खेळवलं होतं, ते आत्या म्हणून. फोनवर तो शब्द एकदाही आला नव्हता.

“मामीला,” ती म्हणाली.

“मग नवशीबेन, तुम्हाला काय व्हायचंय?”

त्या दिवशी काहीच ठरलं नाही. पुढच्या आठवड्यात मात्र दोघींनी फोनची तालीम केली. दक्षाबेन लाहू झाली. तिच्या गुजराती वळणाच्या मराठीत लाहू असा काही खेकसला, की नवशीला हसू आवरेना.

खरा फोन तिने वखारीच्या मागे उभं राहून केला. “लाहू, मी हळदीला येत नाही.”

“मग तू आमची कोण?”

“निलमची आत्या. आत्या म्हणून बोलावशील तेव्हा येईन. मामी म्हणून नाही. आणि आईला बरं नसलं तर कळव.”

“लई शिकलीस डहाणूत राहून!” फोन बंद झाला.

नवशी खूप रडली. दक्षाबेनला म्हणाली, “चुकलं बहुतेक.”

“रडू आलं म्हणजे चुकलं असं नाही. माणसं तुमचीच आहेत, दुखणारच. हळदीच्या दिवशी एकट्या राहू नका.”

म्हणून त्या दिवशी ती वखारीतल्या कमळीकडे, तिच्या सरावली गावी गेली. कमळीच्या सासूने भात वाढताना तेच विचारलं, जे सगळेच विचारतात. “माहेरी कोण कोण?”

एरवी नवशी विषय बदलायची. आज ती म्हणाली, “आई, भाऊ, भाची. बोलत नाहीत.”

“माझा थोरला दीर पण तसलाच,” म्हातारी म्हणाली. “सुकट घे अजून.”

नवशीने घेतली. दुपारी पडवीत चटई टाकून ती जरा आडवी झाली. उधव्याला आता हळद लागत असेल, असं एकदा मनात आलं. चहा झाला म्हणून कमळीने दोनदा हाक मारली, पण तिला जाग आली नाही.